सर्व्हिसिंगनंतर ऑइल गळतंय आणि गॅरेजवाला म्हणतो इंजिनच जुनं होतं

प्रश्न: गाडीचं सर्व्हिसिंग केलं, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. आठवड्याभरातच गाडीखाली डाग दिसायला लागले. काल वळण घेताना लाल ऑइल लाइट क्षणभर लागून गेली, घरी येईपर्यंत इंजिनातून टिकटिक सुरू झाली. गॅरेजवाले फोनवर म्हणाले, इंजिन जुनं आहे, असं होतं, गाडी घेऊन या बघू. ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो फिल्टर चुकीचा बसवलाय, दहा मिनिटांत बदलून देतो. कोणाचं ऐकू?

उत्तर: आत्ता दोघांचंही नका ऐकू. पहिली गोष्ट म्हणजे गाडी स्टार्टच करू नका, "जवळच तर आहे गॅरेज" असं म्हणूनही नाही. ती लाल लाइट ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पडलंय हे सांगते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, प्रेशर जातं आणि लाइट लागते, सरळ रस्त्यावर आलात की विझते. विझली म्हणून लोकांना हायसं वाटतं, पण तेवढ्या वेळात, इंजिनातला शाफ्ट ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगवर ऑइलचा जो पातळ थर असतो तो तुटलेला असू शकतो आणि धातू धातूवर घासतो. त्यामुळे गॅरेजला न्यायची तर टो करूनच.

दुसरं, ओळखीच्या मेकॅनिकला फिल्टरला हात लावू देऊ नका. त्याचा हेतू चांगलाच असेल, पण फिल्टर एकदा निघाला की चूक कोणाची हे दाखवणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गेली, मग पहिला गॅरेजवाला म्हणणार की आमच्यानंतर दुसऱ्याने खोललंय, आता आम्ही कशाला जबाबदार. आणि त्याचं ते म्हणणं अगदीच चुकीचं नसेल.

आता फोन काढा. गाडी सपाट जागी आहे ना बघा, डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा आणि फोटो घ्या. बऱ्याच गाड्यांत मिन आणि मॅक्स या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे टोकालाही ऑइल लागत नसेल तर बरंच गेलंय. हा फोटो काढायच्या आधी टॉप-अप करू नका! मग मीटरवरचे किलोमीटर, जमिनीवरचा डाग, बिल, जॉब कार्ड, गॅरेजचे मेसेज, सगळ्याचे फोटो. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, थेंब नेमका कुठे पडतो ते सकाळी कळेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नका.

फिल्टरच्या बाबतीत एक चूक जगभर होते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते, मेकॅनिकच्या लक्षात येत नाही आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसतो, म्हणजे दोन रिंगा एकावर एक. स्टार्ट केल्यावर लगेच गळेलच असं नाही, थोडे दिवस धरतेही, मग प्रेशरने एक रिंग सरकते आणि ऑइल भराभर जातं. तुमच्याकडे आठवड्याने गळती सुरू झाली, ते याच्याशी जुळतं. तसंच ड्रेन प्लग (चेंबरच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) सैल राहणं, जुनाच वॉशर परत लावणं किंवा उलट प्लग इतका आवळणं की चेंबरचे आटेच जातील, हेही होतं.

पण जुळतं म्हणजे सिद्ध झालं नाही, हे मी मुद्दाम सांगतेय. सर्व्हिसिंगनंतर झालं म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच झालं असं नसतं. वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा मागचं ऑइल सील वयाने जातं, त्याचा ऑइल बदलण्याशी काही संबंध नाही. फरक ओळखता येतो: जुन्या गळतीवर धूळ बसून काळा चिकट थर झालेला असतो, नव्या गळतीचा ओघळ स्वच्छ आणि ओला दिसतो. फिल्टरपासून किंवा प्लगपासून खाली ओघळ आणि वर सगळं कोरडं असेल तर तुमची बाजू भक्कम. वरून किंवा मागूनच येत असेल तर गॅरेजवर उगाच आळ नको.

मग मालकाला किंवा सर्व्हिस मॅनेजरला लेखी मेसेज करा, फोनवरचं बोलणं हवेत विरतं. साधं लिहा: "अमुक तारखेला तुमच्याकडे ऑइल आणि फिल्टर बदलला, अमुक तारखेपासून गळती दिसतेय, काल प्रेशरची लाइट लागली, तेव्हापासून गाडी बंद आहे. फोटो पाठवतेय. फिल्टर आणि ड्रेन प्लग माझ्यासमोर खोलावेत, काढलेले पार्ट मला द्यावेत." बस. फसवलंत, बघून घेईन वगैरे काही नको, ज्या मुलाने काम केलं त्याच्यावर ओरडूही नका. त्यांना पाहायची आणि दुरुस्त करायची संधी दिलीत हे पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमच्याच कामाला येतं. ते टाळत असतील तर त्यांच्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून, काहीही खोलायच्या आधी, लेखी रिपोर्ट घ्या.

चूक मान्य झाली की बहुतेक वेळा ऑफर येते, नवा फिल्टर आणि ऑइल फुकट टाकून देतो. एवढ्यावर थांबू नका. टिकटिक आहे म्हणून मेकॅनिकल गेजने ऑइल प्रेशर तपासायला सांगा, जुना फिल्टर कापून आत चमकदार कण आहेत का ते बघायला लावा. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) असू शकते, ऑइल भरल्यावर जातेही. खालून जड ठकठक, ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारी, ती बहुधा बेअरिंगची, मग चेंबर उतरवून पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आणि "तक्रार पूर्ण मिटली" अशा कागदावर त्या दिवशी सही करू नका. काही वर्कशॉपचा अशा नुकसानीसाठी विमा असतो, तो आहे का आणि त्यांना कळवलंय का, हे शांतपणे विचारा. लाजू नका.

प्रश्न: टायर बदलून आणल्यापासून एका चाकातून टकटक येतेय आणि स्टेअरिंग थरथरतं. गॅरेज बंद आहे, उद्यापर्यंत चालवू का?

उत्तर: नाही, अजिबात नाही. चाकाचे नट सैल राहिले असतील तर चाक निघू शकतं. गाडी बाजूला घ्या, पान्याने प्रत्येक नट तपासा. एखादा हाताने फिरला तर आधी फोटो, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. चाकातलं नटासाठीचं भोक लांबट झालेलं दिसलं किंवा बोल्टचे आटे खराब असतील तर आवळूनही चालवू नका, टो करा. आवळून टकटक थांबली तरी उद्या त्यांच्याकडून टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर तपासून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. थरथर उरली तर ती बॅलन्सिंगचीही असू शकते, तेही त्यांनाच बघू दे.