वाचक विचारतात: इतक्या नोकऱ्या, असं शिक्षण, सांगायचं कसं?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की आत्तापर्यंत काय काय कामं केलीत, शिक्षण काय झालं आणि ते दुसऱ्याला सांगताना नेमकं कुठे अडतं ते लिहून पाठवा. पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जागेमुळे जमणार नाही, म्हणून जे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेत तेच घेतलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: नमस्कार ताई, वय ३९. बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, पॅथॉलॉजी लॅबमध्ये ३ वर्षं होतो, मग एका शाळेच्या सायन्स लॅबमध्ये असिस्टंट, मग मेडिकल मशिनरीच्या कंपनीत सर्व्हिस कोऑर्डिनेटर, मग कॉल सेंटरला टीम लीड आणि आता ४ वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. मधल्या काळात डिस्टन्सने बीकॉम पण झालं. आता क्वालिटीच्या जॉबला अप्लाय करतोय पण प्रत्येक इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच, एवढे बदल का केलेत, आणि मी सफाई देत बसतो. बायोडेटातून दोन-तीन नोकऱ्या उडवून टाकू का?

उत्तर: नको, उडवू नका. नोकरी काढली की तिथे भोक पडतं आणि मग त्या भोकाबद्दल विचारतात, शिवाय जॉइन करताना व्हेरिफिकेशनमध्ये ती नोकरी निघाली तर तुम्ही ती लपवली असं दिसतं, ज्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हा माणूस सहा महिन्यांत आम्हालाही सोडून जाईल का, आणि इतकं सगळं केलंय त्याचा आमच्या कामाला काही उपयोग आहे का. तुम्ही फक्त पहिल्याचं उत्तर देत बसता. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, आणि फार चांगलं आहे, पण ते बायोडेटात नाही, मला लिहिलेल्या पत्रात आहे.

बायोडेटात लॅबच्या नोकरीखाली एकच ओळ आहे, "लॅबमधील सर्व कामांसाठी जबाबदार". यातून काहीही कळत नाही. पत्राच्या दुसऱ्या पानावर मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की दिवसाला ८०-एक सॅम्पल यायची, लेबलवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर तुम्ही ते सॅम्पल बाजूला काढून वॉर्डला फोन करायचात आणि यावरून शिव्याही खाल्ल्यात. मशिनरीच्या कंपनीत एकाच मॉडेलची तीच तक्रार तीनदा आली तेव्हा तुम्ही तीन वेगळे कॉल म्हणून बंद न करता एकत्र करून इंजिनीअरकडे पाठवलीत. आता रेकॉर्डमध्ये एकाच नावाच्या दोन पेशंटच्या फाइल्स एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जन्मतारीख आणि नोंदणी नंबर दोन्ही बघितल्याशिवाय तुम्ही फाइल सोडत नाही. अहो, हे सगळं एकच काम आहे! चुकीची माहिती पुढे जाऊ द्यायची नाही. क्वालिटीवाल्यांना दुसरं काय हवं असतं?

तर सगळ्यात वर दोन ओळी टाका, की आरोग्यक्षेत्र आणि ग्राहकसेवेत मिळून अमुक वर्षं काम, सगळीकडे मुख्य भर नोंदी तपासण्यावर आणि चूक मुळाशी शोधण्यावर. आणि लॅबखालची ओळ अशी करा: "रोज सुमारे ८० सॅम्पलची नोंद व लेबल तपासणी, लेबल-फॉर्म न जुळल्यास सॅम्पल थांबवून खात्री करणे." बाकीच्या नोकऱ्यांखाली पण अशाच एक-दोन ओळी. शाळेच्या लॅबला एक ओळ पुरे, बीकॉम शिक्षणात येईलच.

काही जण सल्ला देतात की तारखा काढून टाका आणि नुसत्या कौशल्यांचे गट करा. मला ते अजिबात पटत नाही. वाचणारा आधी तारखाच शोधतो आणि सापडल्या नाहीत की त्याला संशय येतो. तारखा ठेवा, क्रमही ठेवा, फक्त कुठल्या नोकरीबद्दल जास्त बोलायचं ते अर्ज कुठे करताय त्यावर ठरवा. लिओनार्दो दा विंचीने साधारण १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला काम मागायला जे पत्र लिहिलं त्याचा मसुदा आजही आहे. त्यात तो हलके पूल, तोफा, वेढा घालायची साधनं असं एकेक सांगत जातो आणि चित्रकलेचा उल्लेख पार शेवटी येतो, कारण समोरच्याला युद्धाची काळजी होती. त्यात त्याने चित्रकला लपवली नाही, नुसता क्रम बदलला.

आणि तुमचा मार्ग वेडावाकडा आहे म्हणून कमी प्रतीचा, हे डोक्यातून काढा. गर्ट्रूड एलियन १९३७ मध्ये केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाल्या, पुढच्या शिक्षणासाठी फेलोशिप मिळेना, मग त्यांनी शाळेत शिकवलं, एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनीजमध्ये जाणाऱ्या बलकाचा रंग तपासला, आणि १९४४ मध्ये औषध कंपनीत असिस्टंट म्हणून लागल्या. तिथे त्यांनी ल्युकेमियावरच्या औषधावर काम केलं आणि १९८८ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पीएचडी त्यांनी नोकरी करत करत सुरू केली होती, ती पूर्ण झालीच नाही कारण पूर्णवेळ या असं सांगितलं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली नाही. प्रत्येकाला नोबेल मिळत नाही हे उघड आहे, मी सांगतेय ते त्या लोणच्याच्या लॅबबद्दल. ते काम कुणी त्यांच्या यादीतून खोडायला हवं होतं असं म्हणेल का?

"का सोडलीत" याला प्रत्येक नोकरीसाठी एक खरं आणि छोटं वाक्य तयार ठेवा, जुन्या साहेबाबद्दल एक शब्दही वाईट नको, आणि लगेच आत्ताच्या कामावर या.

प्रश्न: ताई, मी ४४ वर्षांची आहे. ८ वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, नंतर २०१७ ते २०२४ घरीच होते, मुलं लहान आणि सासऱ्यांना पॅरालिसिस. आता परत नोकरी करायची आहे. "मग इतकी वर्षं काय केलं?" असं विचारलं की गळा दाटून येतो आणि काही बोलताच येत नाही. मैत्रीण म्हणते "होम मॅनेजर" असं लिही. लिहू का?

उत्तर: लिहू नका. तुम्ही जे केलंत ते लहान आहे म्हणून नाही, ते किती मोठं आहे हे ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलंय त्याला विचारा. पण असं पद लिहिलं की वाचणारा त्या शब्दाशी अडखळतो आणि ते काम मागे पडतं. साधी एक ओळ टाका: "२०१७ ते २०२४, कुटुंबातील आजारपण व संगोपनामुळे पूर्णवेळ नोकरी नाही." आजाराचे तपशील सांगायला तुम्ही बांधील नाही. ही ओळ घरी मोठ्याने म्हणून बघा, आरशासमोर नको, कुणाला तरी समोर बसवून, दोन-चारदा म्हटली की गळा दाटणं कमी होतं.

आता खरा मुद्दा. अकाउंट्समध्ये ७ वर्षांत सॉफ्टवेअर बदलतं, कराचे नियम बदलतात, रिटर्न भरायची पद्धत बदलते, आणि मालकाला धास्ती असते ती याची. म्हणून अर्ज करायच्या आधी एक छोटा कोर्स करा, चालू व्हर्जनवर हात बसवा आणि कोर्सचा महिना-वर्ष बायोडेटात लिहा. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी तळटीप लिहावी तसं लिहिलंत की एका वाचनालयाचा हिशोब ३ वर्षं बिनपगारी सांभाळला आणि ऑडिट करून दिलं. हे तळटिपेत का? ते कामच आहे, पगार नव्हता इतकंच. वर आणा: "वाचनालयाचे वार्षिक हिशोब व ऑडिटची तयारी, मानद, ३ वर्षं." वाचनालयाच्या सेक्रेटरींना रेफरन्स द्याल का असं आजच विचारून ठेवा. या एका ओळीने तुमची गॅप अर्ध्यावर येते.

प्रश्न: आमच्या सहा जणांच्या टीमने वेअरहाउसमध्ये नवीन सिस्टिम आणली आणि डिस्पॅचचा वेळ निम्म्यावर आला. "मी केलं" लिहिलं तर मनाला खोटं वाटतं, "टीमने केलं" लिहिलं तर इंटरव्ह्यूत म्हणतात पण तुम्ही काय केलंत. मधला मार्ग काय?

उत्तर: तुमच्या मनाला खोटं वाटतंय ना, ते फार चांगलं लक्षण आहे, ते सांभाळा. संशोधकांना हीच अडचण येते, एका पेपरवर दहा-पंधरा नावं आणि कुणी काय केलं हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून बऱ्याच जर्नल्समध्ये आता "क्रेडिट" नावाची पद्धत वापरतात, त्यात १४ भूमिका ठरवून दिल्यात, कल्पना कुणाची, डेटा कुणी सांभाळला, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, तपासणी कुणी केली, पहिला मसुदा कुणाचा, देखरेख कुणाची वगैरे, आणि प्रत्येक नावापुढे ज्याची त्याची भूमिका येते. तुम्हीही तेच करा. आधी टीमचं काम, मग तुमचा वाटा: "६ जणांच्या टीममध्ये, जुन्या स्टॉकचा डेटा नव्या सिस्टिममध्ये आणणे आणि शिफ्टमधल्या लोकांचं ट्रेनिंग माझ्याकडे." असं लिहिल्यावर कुणालाच ते खोटं वाटणार नाही, तुमच्या टीमच्या इतर पाच जणांनी वाचलं तरी.

आणि "वेळ निम्म्यावर" म्हणजे कितीवरून किती? ऑर्डर आल्यापासून गाडी निघेपर्यंत की पॅकिंग सुरू झाल्यापासून? हे माहीत नसेल तर जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारा आणि तरीही कळलं नाही तर आकडा टाकू नका, कारण इंटरव्ह्यूत त्यावरच खोदून विचारणार आणि तिथे चाचरलात की बाकी सगळं खरं असूनही डळमळीत वाटायला लागतं.

प्रश्न: इंजिनीअरिंगचे शेवटचे दोन विषय राहिले ते राहिलेच. पण बायोडेटात पहिल्यापासून बीई असंच लिहितोय, ११ वर्षं झाली, कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. काम माझं चांगलंय, दोन प्रमोशन मिळालीत. आता बदलायची गरज आहे का?

उत्तर: आहे, आणि लवकर. तुमचं काम चांगलं आहे यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच कळकळीने सांगते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲडमिशन विभागाच्या प्रमुख १९७९ मध्ये तिथे लागल्या, कामात नाव कमावलं, विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून बोलत राहिल्या आणि २००७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण अर्जात लिहिलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. २८ वर्षांचं काम झालेलं होतं, तरीही. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नव्हती हेच त्यात जास्त वाईट वाटतं.

पुढच्या प्रत्येक बायोडेटात असं लिहा: "बीई, अमुक शाखा, अभ्यासक्रम अमुक साली ते अमुक साली, पदवी अपूर्ण (२ विषय बाकी)." लिंक्डइनवर पण हाच बदल. विद्यापीठात चौकशी करा की ते विषय अजून देता येतात का, मुदत गेली असेल तर आधीचे क्रेडिट धरून दुसरीकडे प्रवेश मिळतो का. आत्ताच्या कंपनीला सांगायचं की नाही आणि कसं, हे तुम्ही जॉइन करताना कशावर सही केलीत त्यावर ठरेल, तो कागद काढा आणि एखाद्या वकिलाला दाखवा. यात घाई करून मेल टाकू नका.

प्रश्न: मी फक्त डिप्लोमावाला, आजूबाजूला सगळे मास्टर्स आणि पीएचडी. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.

उत्तर: कोइची तानाका यांना २००२ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्याकडे इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची नुसती पदवी होती, तीही केमिस्ट्रीची नाही, आणि ते एका उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होते. प्रोटीनसारखे मोठे रेणू न तुटता मोजता येतील अशी लेसरची पद्धत त्यांनी शोधली होती. पुढच्या मीटिंगच्या आधी एकच करा, ज्या मशीनवर तुमचा रोज हात असतो त्याबद्दलचं एक निरीक्षण आकड्यासकट कागदावर लिहून न्या आणि तेवढंच बोला. डिग्रीचा विषय तुम्ही काढू नका, बाकीचे पण काढणार नाहीत.

प्रश्न: वय ५८, ३३ वर्षांचा अनुभव, बायोडेटा ५ पानांचा झालाय. मुलगी म्हणते कोणी वाचत नाही. सल्लागार म्हणून काम करायचा विचार आहे.

उत्तर: मुलीचं बरोबर आहे. दोन पानं. शेवटची १०-१२ वर्षं सविस्तर लिहा, त्याआधीच्या नोकऱ्यांना पद, ठिकाण, साल एवढी एकेक ओळ. अपवाद एकच, जुन्या काळातलं एखादं काम आजच्या सल्लागारीला थेट उपयोगी असेल, जसं तुम्ही बंद पडलेला प्लँट परत सुरू केलात, तर ते पहिल्या पानावर आणा आणि चार ओळी द्या, साल कितीही जुनं असो. शाळेचे मार्क, जन्मतारीख, ३० वर्षांपूर्वीचे दोन दिवसांचे सेमिनार काढून टाका. टेबल, दोन कॉलम, फोटो असलं काही नको, बऱ्याच ठिकाणी आधी सॉफ्टवेअर बायोडेटा वाचतं आणि त्या मांडणीत त्याचा गोंधळ होतो. बाकीची तीन पानं फेकू नका, ती तुमच्याकडे मूळ प्रत म्हणून राहू द्या, कारण प्रत्येक क्लायंटला वेगळं काम दाखवायचं असेल तेव्हा त्यातूनच उचलावं लागेल.