एका चापटीनंतर

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "आत्या, आज धाकटीला चापट मारली. ती रडून झोपली, मला झोप येत नाहीये." फोन करणार होते, पण फोनवर तू "हो हो, बरोबर आहे" म्हणशील आणि विसरून जाशील. म्हणून लिहिते आहे.

झोप उडाली हे ऐकून मला बरंच वाटलं. मारून ज्याला गाढ झोप लागते, त्याला मी पत्र लिहीत बसले नसते.

तुझं म्हणणं, ती मुद्दाम करते. माझ्याकडे बघत बघत दादाचा ठोकळ्यांचा मनोरा पाडते आणि वर हसते. बघून करते, हे खरं. 'मुद्दाम' हा शब्द मात्र तुझा. अडीच वर्षांची पोर काहीतरी पाडते आणि तुझ्या तोंडाकडे बघते, तेव्हा ती एवढंच तपासत असते की कालचा नियम आजही आहे की गेला. हे ती पन्नास वेळा तपासणार. हात आवरणं, थांबणं, राग गिळणं ही कामं मेंदूच्या ज्या भागाकडे आहेत, तो कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. तुझा तर केव्हाच तयार झालाय, तरी काल ऐन वेळी कामाला आला नाही. मग तिच्याकडून कसली अपेक्षा करतोस? (लागलं असेल तर लागू दे. आत्या आहे मी.)

तिनं आकांत मांडला असेल तेव्हा समजावायला जाऊ नकोस. त्या वेळी तिला शब्द ऐकूच येत नाहीत म्हण ना. खाली बस, तिच्या उंचीवर ये, आवाज उतरव. "राग आलाय. मी इथेच आहे." बस, इतकंच. लागेल असं काही जवळ असेल तर सरकव. बहुतेक वेळा काही मिनिटांत वादळ ओसरतं. तुला ती तासासारखी वाटतात, ही गोष्ट वेगळी. बोलायचं ते नंतर, आणि तेही एका वाक्यात.

तू विचारलंस, म्हणजे 'नाही' म्हणायचंच नाही का? कोणी सांगितलं असं? हा गैरसमज हल्ली फार पसरलाय. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये आईबापांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले होते: नुसता हुकूम चालवणारे, सगळंच सोडून देणारे, आणि नियमही पाळायला लावणारे नि मायाही करणारे. मुलांना मानवतो तो तिसरा. मनोरा पाडायचा नाही म्हणजे नाही. ती हात उगारेल तेव्हा तो हळूच धर आणि सांग, "दादाचा मनोरा राहू दे. हे ठोकळे तुझे, हे पाड." काय करू नको हे आपण दिवसभर सांगत असतो; काय कर हे सांगायला विसरतो. 'पळू नको' ऐकल्यावर तिला फक्त 'पळ' ऐकू येतं, असं मला माझ्या बालवर्गात कैक वर्षं वाटत आलंय. 'हळू चाल' म्हटलं की पाय खरंच हळू पडतात.

तुझ्या आतेभावाची गोष्ट सांगते. तो असाच, तीनच्या आतला. मला शाळेत पोचायचं होतं, आणि हा दारात फतकल मारून बूट घालत बसलेला. डावा बूट उजव्या पायात. जिभेचं टोक बाहेर, टाच आत जात नाही, बुटाची मागची कड दुमडून आत गेलेली. मी हात लावला की "मी! मी!" शेवटी मी बूट ओढून काढले, दोन सेकंदांत सरळ घातले आणि त्याला काखेत मारून निघाले. तो रस्ताभर रडला. पोचल्यावर त्यानं काय केलं असेल? खाली बसून दोन्ही बूट काढले, पुन्हा उलटे घातले, आणि दिवसभर तसाच फेंगडा चालत राहिला. लोकांच्या मुलांना सांभाळण्याचा पगार घेणारी बाई मी! दुसऱ्या दिवसापासून कसलंही मानसशास्त्र लावलं नाही. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. सकाळची निम्मी भांडणं तिथंच मिटली.

तुमच्याकडेही निम्मी भांडणं घाईची असणार, आणि उरलेली झोपेची. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, धाकटीला त्याहून थोडी जास्तच. चापट मारलीस ती वेळ आठवून बघ. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील, पैज लावते. खेळ थांबवण्याआधी "आणखी दोन घसरगुंड्या, मग घरी" एवढी सूचना दे, आणि दोन म्हणजे दोनच.

थोरला "मी नाही ढकललं तिला" असं धडधडीत खोटं बोलतो म्हणून तू हादरलायस. मी तर मनात पेढे वाटले असते. विमर आणि पर्नर या दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: एका मुलानं चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर असताना आईनं ते दुसऱ्यात हलवलं, तो आल्यावर कुठं शोधेल? अगदी लहान मुलं हमखास चुकतात, चॉकलेट आता आहे तेच कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी कधीतरी उजेड पडतो की माझ्या डोक्यात आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात नसू शकतं. खोटं बोलायला हीच समज लागते. तेव्हा "खरं सांग, तूच ना?" असा सापळा लावू नकोस. तू पाहिलंयस ना? मग "तू तिला ढकललंस, तिला लागलंय, ये, आपण बघू" असं म्हण.

आता कालचं. आज तिची माफी माग. ती विसरली असेल, असं म्हणून टाळू नकोस. "काल बाबानं मारलं. ते चुकलं. मनोरा पाडायचा नाही, पण बाबानं मारायचं पण नाही." पाठीवर हात ठेवून, इतकंच. लांबवू नकोस, रडू नकोस, बदल्यात खाऊ देऊ नकोस. विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ म्हणायचे की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली असली की पुरे. बापालाही ते लागू आहे.

आणि धाकटीसाठी पुढचे बूट घेशील ते नाडीचे घेऊ नकोस, वेलक्रोचे घे. उलटे घातले तर घालू दे.

तुझी,
आत्या