आजारपणाचा दाखला आणि मागची तारीख

प्रश्न : माझे यजमान सांवेर रोडवरच्या कारखान्यात आहेत. टायफॉइडमुळे नऊ दिवस घरी होते. औषध गल्लीतल्या खासगी डॉक्टरांचे. आता बाबू म्हणतात, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) सर्टिफिकेट आणा, नाहीतर खाडे लागतील. आमचे डॉक्टर मागच्या तारखेचे द्यायला तयार आहेत. घ्यावे का?
– एक भगिनी, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : ताई, मुळीच घेऊ नका. मी एका गिरणीच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं मस्टर भरलं. एकदा एका कामगाराने ‘चार तारखेपासून अंथरुणावर’ असा दाखला आणला. चार तारखेला गडी दुसऱ्या पाळीत हजर, सही माझ्याच समोर केलेली! ताप खरा होता बिचाऱ्याचा, कागद खोटा ठरला.

डॉक्टरांना सांगा, तारीख आजचीच घाला. फक्त ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत माझ्या उपचाराखाली होते’ असं लिहा. ते खरंच आहे, मग लपवायचं कशाला? 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांना दिलेल्या दाखल्यांचं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात रुग्णाची सही आणि एक ओळखखूणही असते. खोटी तारीख त्यांनाही महागात पडते.

आता पैशांचं. पगार 21,000 पर्यंत असेल तर त्यातून दरमहा पाऊण टक्का या ईएसआय विम्यासाठी कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणून आजारपणाचे पैसे कारखाना नाही, विमा महामंडळ देतं : सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. मात्र आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पहिले दोन दिवस बहुधा कोरे जातात. रोज 600 धरला तर उरलेल्या सात दिवसांचे 2,940 रुपये होतात. सोडण्यासारखी रक्कम नाही. पण त्याच दिवसांची पगारी रजा घेतली असेल तर हे पैसे मिळत नाहीत, दोन्हीकडून खाता येत नाही.

अडचण अशी की विम्याच्या डॉक्टरांनी तुमच्या यजमानांना त्या नऊ दिवसांत पाहिलेलंच नाही. म्हणून रक्ततपासणीचा रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या, तारखा दिसतील अशी बिलं आणि डॉक्टरांचा तो दाखला घेऊन महामंडळाच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. खासगी कागद पर्यायी पुरावा म्हणून मानायची मुभा नियमात आहे. मानायचंच, असं बंधन मात्र नाही. मिळेल याची हमी मी देत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि तिची झेरॉक्स बाबूंना द्या.

एक विचारू? परदेशीपुऱ्याला राहून नंदानगरचं बीमा हॉस्पिटल दिसलं नाही का? टायफॉइड कधी कधी उलटतो. परत ताप आला तर पहिल्याच दिवशी विम्याच्या दवाखान्यात नाव लावा, औषध मग कुठलंही घ्या.