मुलगी दहावीला ९७ टक्के, आता नीटच्या तयारीत रात्री २ पर्यंत जागते, टेस्टमध्ये दोन प्रश्न चुकले तरी रडते. काय करू?

आधी तिची झोप बघा. कारण दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच, त्यामुळे २ पर्यंत जागून ती उलट नुकसानच करून घेतेय, आणि तसंही नीटचा पेपर दुपारी २ ते ५ असतो, त्या वेळेला डोकं ताजं हवं ना!

माझ्या भाचीचं लातूरला अगदी हेच झालं होतं. ७२० पैकी ६४० पडले तरी ताटावरून उठून जायची, वरणभात तसाच. ताईने मग एकच केलं, टेस्टच्या दिवशी किती पडले हे विचारणंच बंद केलं, घरात आल्यावर आधी जेवण आणि मग दोघी चालायला. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत उतरवायचे, तेही फक्त का चुकलं एवढंच. महिनाभर काही फरक दिसला नाही, मग हळूहळू रडणं कमी झालं.

अशा मुलांना "अभ्यास कर" सांगावं लागत नाही, "आता पुरे" सांगणारं कुणीतरी लागतं. आणि नातेवाईकांसमोर तिच्या टक्क्यांचं कौतुक थोडं आवराच प्लीज, तिला ते ओझं वाटतं.

जेवण तुटलं, सारखं डोकं दुखतंय, "मी काही कामाची नाही" असं बोलायला लागली तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ वर २४ तास फोन लागतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात.