आधीची गोळी, नंतरची गोळी

मागच्या खेपेला या सदरात ‘प्रेप’बद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. प्रेप म्हणजे ज्याला एचआयव्ही नाही त्याने तो होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की आजचा सगळा मजकूर त्यालाच दिला आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

मी विड्या वळते. मालक हैदराबाद लाइनला ट्रकवर असतात. बाहेरचं मला कळतं, पण विचारलं की हात उगारतात. निरोधचं नाव काढायची सोय नाही. त्यांना न कळता मला काही घेता येईल का? (कुंभारी)

येईल, ताई. टेनोफोविर 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम अशी दोन औषधं एकाच गोळीत येतात. रोज एक, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. हे औषध काही कालचं नाही. अमेरिकेत प्रेप म्हणून त्याला 2012 सालीच मान्यता मिळाली आणि 2015 पासून जागतिक आरोग्य संघटना धोका असलेल्या सगळ्यांसाठी त्याची शिफारस करते. नेमाने घेतलं तर शरीरसंबंधातून होणारी लागण जवळजवळ पूर्ण टळते.

नेमाने हा शब्द बायकांच्या बाबतीत मी दोनदा अधोरेखित करते. योनीमार्गात हे औषध कमी साठतं, त्यामुळे गोळ्या चुकल्या तर पुरुषापेक्षा बाईला जास्त महागात पडतं. सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे संरक्षण पुरतं झालं असं धरू नका.

सुरू करण्याआधी तीन तपासण्या लागतात: एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमध्ये आयसीटीसीत, म्हणजे सल्ला आणि तपासणीच्या सरकारी केंद्रात, मोफत होते. ती टाळून गोळी सुरू करू नका. लागण आधीच झालेली असेल तर ही दोनच औषधं तिला पुरी पडत नाहीत आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पहिले काही दिवस मळमळतं, डोकं दुखतं, मग बसतं.

‘न कळता’ म्हणालात, म्हणून एक सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी गोळ्या कुंकवाच्या करंड्यात काढून ठेवल्या होत्या, कारण बाटली खुळखुळते आणि सासू विचारते. पावसाळ्यात त्या गोळ्या ओलसर होऊन एकमेकींना चिकटल्या. बाटलीतली ती छोटी पुडी ओल धरण्यासाठीच असते. तेव्हा गोळ्या बाटलीतच ठेवा, वर कापसाचा बोळा कोंबा, आवाज येत नाही. त्या बाई आता बाटली तेंदूपत्त्याच्या गाठोड्यात ठेवतात. तिथे घरातलं कुणी हात घालत नाही म्हणे.

तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तिचा निकाल नवऱ्यालाही परस्पर सांगता येत नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा तसं सांगतो. आणि हात उगारण्याबद्दल 181 हा महिलांचा क्रमांक पाठ करून ठेवा. त्यावर गोळी नाही.

शनिवारी रात्री एका मित्राबरोबर संबंध आला, निरोध नव्हता. आता प्रेप घेतली तर चालेल का? (विद्यार्थी, वय 20)

तुझं पत्र रविवारी आलं, म्हणून उत्तर छापायची वाट न बघता फोनच केला. इतरांसाठी लिहिते. घडून गेल्यावर प्रेपचा उपयोग नाही. त्यासाठी ‘पेप’ असते: तीन औषधं, 28 दिवस. पहिला डोस 72 तासांच्या आत पोटात गेला पाहिजे, आणि जितका लवकर तितका चांगला. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्री दोन वाजता का होईना, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. पेप संपल्यावर तपासणी करून प्रेप सुरू करता येते. तुझ्या बाबतीत मी तेच सुचवेन.

मी तृतीयपंथी आहे, हार्मोन्स घेते. प्रेपने त्यांचा असर जाईल का? डॉक्टरांना विचारलं तर ‘तुला कशाला हवी’ म्हणाले. (सोलापूर)

असर जात नाही. प्रेप हार्मोन्सचं काम बिघडवत नाही. फक्त संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एकेक अशी जी पद्धत काही पुरुषांना सांगतात, ती इस्ट्रोजेन घेणाऱ्यांसाठी नाही. तुम्ही रोजचीच घ्या.

‘तुला कशाला’ हा प्रश्न मीही ऐकला आहे, आमच्याच डॉक्टर लोकांकडून. मधुमेह होऊ नये म्हणून कुणी विचारायला आलं तर आपण पाठ थोपटतो. गोळीला चिठ्ठी लागते, त्यामुळे डॉक्टर टाळता येत नाही, पण बदलता येतो. 1097 या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारा. पैशाचं मात्र खरं सांगते. लागण झालेल्यांना एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी रोजची औषधं, 2004 पासून सरकारकडून मोफत मिळते. प्रेप बहुतेकांना पदरचे पैसे घालूनच घ्यावी लागते. पाझरणाऱ्या धरणाला बांध घालायचा सोडून खाली बादल्या वाटण्यातला हा प्रकार आहे.

नवरा एआरटीवर आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘सापडत नाही’ असा रिपोर्ट आहे. मूल हवंय. मला प्रेप लागेल? (बार्शी)

रिपोर्ट सहा महिने तसाच असेल आणि ते गोळ्या चुकवत नसतील तर त्यांच्याकडून तुम्हाला लागण होत नाही. प्रेपची गरज नाही. एआरटी नुकती सुरू झाली असती तर घ्या म्हटलं असतं. पेढे पाठवा.

मी आशा सेविका आहे. वस्तीत ‘एचआयव्हीची गोळी’ म्हटलं की बायका उठून जातात. कसं सांगू? (पूर्व भाग, सोलापूर)

कारण ऐकणारीला वाटतं, ही आपल्याला एड्स झाला म्हणते. त्यात प्रेपमधली औषधं एआरटीतही वापरतात, बाटलीही तशीच. शेजारणीने पाहिली की संपलं. रोगाच्या नावाने सुरुवात करूच नका. माला-डी सगळ्यांना माहीत आहे. दिवस राहू नयेत म्हणून ती आधीपासून घेतात, तशी ही, इथून सुरू करा. पण लगेच पुढचं वाक्यही हवं: हिने दिवस राहणं टळत नाही, गरमी-परमाही टळत नाही.

तुमच्या पूर्व भागातल्याच एका पद्मशाली आजींनी मला याचं तेलुगू करून दिलं होतं: ‘मुंदु मंदु’. मुंदु म्हणजे आधी, मंदु म्हणजे औषध. मंदुचा दुसरा अर्थ दारू, त्यामुळे बायका आधी खो खो हसल्या, पण उठून कुणी गेलं नाही. माझ्या तक्त्यांपेक्षा ते जास्त चाललं.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे, खरं का? (अक्कलकोट रोड)

खरं. लेनाकापाविर. पोटाच्या कातडीखाली देतात, सुरुवातीला दोन दिवस सोबत गोळ्या. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत जून 2025 मध्ये मान्यता मिळाली, तिथली किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. 2027 पासून अनेक गरीब देशांसाठी त्याची जेनेरिक आवृत्ती वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देण्याचं डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी जाहीर केलं आहे. दोन्ही हैदराबादच्या. कुंभारीच्या ताईंचे मालक ज्या लाइनला जातात, तिच्याच टोकाला.