एवढं पळून पण मलाच खोकला का?

प्रश्न: डॉक्टर, मी सोलापूरचा, वय २६, हाफ मॅरेथॉनची तयारी चाललीय, रोज पहाटे पळतो, तरी महिन्याआड सर्दी-खोकला हाय. मामा दिवसभर खुर्चीत, त्यांना काय नाही!

उत्तर: मामांचं सोडा हो, त्यांचा हिशोब नंतर निघंल. निवांत बसल्यावर आपण मिनिटाला साधारण ६-८ लिटर हवा घेतो, जोरात पळताना तीच १०० लिटरच्या वर जाऊ शकते, आणि तीपण तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी बायपास, आपल्याकडची कोरडी हवा नि रस्त्यावरचा फुफाटा डायरेक्ट आत, मग श्वासनळ्या सुकतात, सुजतात आणि व्हायरसला रान मोकळं. त्यात झोप कमी, पोटात नुसता चहा. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के आजारी पडले, तयारी करून न पळालेल्यांत जेमतेम २ टक्के.

पण दरवेळी इन्फेक्शनच असतं असं नाही बरं का. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला, छातीत शिट्टी वाजत असेल तर तो व्यायामाचा दमा असू शकतो, छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसं किती चालतात ते मोजायची तपासणी, करून घ्या. ताप असला तर पळणं बंद म्हणजे बंद.