जुनं उकरून काढलं तर वाढेल का?

"मॅडम, ह्यांना बोलतं केलं तर त्रास वाढणार तर नाही ना? तीस वर्षं झाकून ठेवलंय त्यांनी. तुम्ही उकरायचं आणि घरी आम्ही निस्तरायचं, असं नको व्हायला."

आपत्तीचा मानसिक आघात बसलेल्यांशी बोलून उपचार करणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. अपघातातून वाचलेल्यांचे, पुरात घर गेलेल्यांचे नातेवाईक तो विचारतातच. त्या दिवशी मात्र एका बाईंनी नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून, दार लोटून घेऊन तो विचारला. ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिकत सांगते आहे.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली, नांदेड, परभणी भागात जमीन हलली. तीव्रता ४.५. भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले आणि दुपारपर्यंत बहुतेकांचं बोलून संपलंही. ह्या घरात तो दिवस काही संपेना. त्या बाईंचे यजमान, म्हणजे सर, नांदेडला शाळेत शिकवतात. हादरा बसला तेव्हा ते चहा घेत होते. भानावर आले तेव्हा रस्त्यावर अनवाणी उभे होते आणि बायको-मुलगा घरातच होते. त्या रात्रीपासून ते गाडीत झोपू लागले. घरी कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "आत उकडतं."

सर मूळचे उमरगा भागातले. किल्लारीच्या भूकंपात पार गेलेल्या गावांपैकी एक त्यांचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं. मराठवाड्यात ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. ५२ गावं उद्ध्वस्त झाली, आठ-दहा हजार माणसं गेली. सर तेव्हा १३ वर्षांचे होते.

बाईंची भीती मी उडवून लावली नाही, कारण ती निराधार नव्हती. आपत्ती घडल्या घडल्या माणसाला समोर बसवून "काय काय पाहिलं ते सगळं सांगा" असं एका बैठकीत वदवून घेण्यानं फायदा होत नाही, काहींना तर अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करत नाही. पण सरांचं झाकलेलं खरोखर झाकलेलं होतं का? ट्रक गेला, तावदानं वाजली की त्यांचा हात टेबलाची कड पकडायचा. पहाटे चारच्या आत जाग ठरलेली. भाद्रपद लागला की चिडचिड सुरू व्हायची. ती अनंत चतुर्दशीला एकदा टोकाला जायची आणि ३० सप्टेंबरला पुन्हा. तिथी आणि तारीख बहुतेक वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणजे ह्या माणसाला दर वर्षी दोनदा भूकंप.

मी बाईंना म्हटलं, "आठवण रोज येतेच आहे. फक्त तिची वेळ ती ठरवते. इथं ती आपण ठरवू. दिवसाउजेडी, समोर माणूस असताना, आणि नको वाटलं की थांबायची मोकळीक ठेवून. पहिले दोन-तीन आठवडे स्वप्नं वाढतील, चिडचिडही वाढेल. ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते." झोप अगदीच उडाली होती म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. काही आठवडे औषध चाललं.

मग माझ्याकडून एक चूक झाली. आमच्या उपचारांत एक पद्धत आहे. दोरी जमिनीवर अंथरायची, ती म्हणजे आयुष्य. चांगल्या आठवणींच्या जागी फूल ठेवायचं, दुःखाच्या जागी दगड. मी सुतळी, शेवंतीची फुलं आणि मूठभर दगड काढून ठेवले. सरांनी दगडांकडं पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली. दगडाखालीच सगळं घर गेलेल्या माणसापुढं मी दगड ठेवले होते. मी त्यांची क्षमा मागितली. पुढच्या वेळी ते स्वतःच खिशातून चिंचोके घेऊन आले. "हे चालतील का मॅडम?"

सुतळीवर तेराव्या वर्षापाशी त्यांनी एक चिंचोका ठेवला. थोडं थांबून, अगदी त्याच जागी दुसरा.

त्या दुसऱ्याबद्दल बायकोलाही माहीत नव्हतं. विसर्जन आटोपून मुलं पारावर रेंगाळली होती. धाकटा भाऊ आठ वर्षांचा. पेंगत होता, तरी हटत नव्हता. सरांनीच त्याला दटावून घरी पाठवलं, "जा, आत जाऊन झोप." स्वतः मित्रांबरोबर देवळापुढच्या मोकळ्या जागेत पडले. पुढचं त्यांनी कितीतरी बैठकांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आधी जमिनीतून आलेली घरघर, मग धूळ, इतकी की शेजारच्याचा हात दिसेना. उजाडल्यावर गल्ली कुठं होती तेच कळेना. त्यानंतर आलेला पाऊस. मी घाई केली नाही.

"मी पाठवलं त्याला," हे वाक्य मात्र दर वेळी यायचं. आणि मार्चनंतर त्याला शेपूट जोडलं गेलं होतं, "आता पुन्हा दोघांना आत ठेवून पळालो."

"तुमची काय चूक?" असं सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ते बंद दारावर थाप मारल्यासारखं वाटतं. म्हणून मी घराबद्दल विचारलं. त्या रात्रीपर्यंत ते घर तुमच्यासाठी काय होतं?

ते खुलून बोलू लागले. आजोबांनी बांधलेलं, दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि मातीचं माळवद. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची. उन्हाळ्यात आत गार. चोराला भिंत फोडता येणार नाही, असं आजोबा म्हणायचे. मातीत रचलेले ते दगड एकमेकांना धरून नव्हते आणि वरचं माळवद टनावारी वजनाचं होतं, हे आम्हाला सगळ्यांना नंतर कळलं. मोठमोठ्या माणसांनाही आधी कळलं नव्हतं.

"म्हणजे गावातली सगळ्यात भक्कम जागा."

"हो."

"सर, तुमच्या आठवीच्या वर्गातला एखादा मुलगा डोळ्यांपुढं आणा. रात्र झाली म्हणून त्यानं पेंगणाऱ्या भावाला घरातल्या सगळ्यात भक्कम जागी झोपायला पाठवलं. तुम्ही त्याला काय म्हणाल?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रडले. एवढ्या वर्षांत त्यांनी भूकंपासाठी रडणं केलं होतं, भावासाठी हे पहिलं.

पळून जाण्याचा सल राहिला होता. त्यावर बोलण्यापेक्षा कृतीचा उपयोग झाला. अचानक धोका आला की शरीर आधी हलतं, विचार मागून येतो, आणि त्यांच्या पायांनी १९९३ मध्येच धडा गिरवला होता: बाहेर असलेला वाचतो. पायांना नवा धडा हवा होता. त्यांनी एका अभियंत्याकडून इमारत तपासून घेतली. मग तिघांनी घरात सराव केला. कुणी कुठल्या टेबलाखाली जायचं, डोकं कसं झाकायचं, हादरे थांबल्यावर कोणत्या जिन्यानं उतरायचं, मुलाचा हात कुणी धरायचा. हात सरांनी धरायचा, हे मुलानंच ठरवलं.

सगळ्यांना असं जमतं असं नाही. काहींना फक्त झोप परत हवी असते आणि तेवढ्यावर थांबणंही योग्यच. रात्री-अपरात्री फार असह्य झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो, एवढं लक्षात असू द्या.

सर आता घरात झोपतात. दाराची कडी लावत नाहीत, आणि मी ती लावायला सांगितलेली नाही. त्या वर्षी ३० सप्टेंबरला ते मुलाला घेऊन गावी गेले. नव्या गावात नाही, जुन्या. पार होता तिथं उभं राहून त्यांनी त्याला सगळं सांगितलं, दटावून घरी पाठवल्याचंही.

मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, काका कितवीत होते?"

"तिसरीत."

"आणि त्यांना काय आवडायचं?"

हे त्यांना तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर, उमरग्यापर्यंत, सर तेच सांगत होते.